दगड आणि बिऱ्हाडं

ट्युनिशियात मला सगळ्यात आधी समजलं ते वडाप. तिथं त्याला लुआज म्हणतात. पांढरी व्हॅन, अंगावर रंगीत पट्टा. लाल पट्टा लांब पल्ल्याचा, निळा आसपासच्या शहरांचा, पिवळा खेड्यापाड्यांचा. वेळापत्रक नाही. आठ शिटा भरल्या की गाडी हलणार. सातच भरल्या असतील तर ड्रायव्हर दाराशी उभा राहून गावाच्या नावानं कोकलत राहणार, "जेम, जेम, एल जेम!" लहानपणापासून "पन्हाळा, पन्हाळा, वाघबीळ" ऐकत वाढलेय मी. भाषा येत नसतानाही कुठं बसायचं, सामान कुठं कोंबायचं आणि आठवा माणूस दिसल्यावर आतल्या सातजणांनी कसा सुस्कारा टाकायचा, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

नवरा खताच्या धंद्यात आहे. भारत ट्युनिशियाकडून फॉस्फरिक आम्ल विकत घेतो, आणि त्याच कामासाठी त्याला सप्टेंबरापासून सहा आठवडे तिथल्या स्फाक्स शहरात राहायचं होतं. मी मागं लागून गेले. तो सकाळी निघून जायचा आणि मी लुआजच्या अड्ड्यावर.

माझं माहेर पन्हाळ्यावरचं. पायथ्याचं नव्हे, खुद्द गडावरचं. पन्हाळा हा किल्लाही आहे आणि गावही आहे. तटाच्या आत शाळा आहे, नगरपरिषद आहे, भांडणं आहेत, पाणी सोडायच्या वेळा आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळाही होता. त्याच्या आधीपासून आमच्या गल्लीत एकच विषय होता. आई फोनवर रोज विचारायची, "आता आपल्याला उठवत्यात काय गं?" मी म्हणायचे, असं कुणी उठवत नाही. सरकारी अधिकाऱ्यांनीही तसंच सांगितलं होतं. पण आईचा ज्या गोष्टींवर विश्वास नाही त्यांची यादी जागतिक वारशाच्या यादीपेक्षा मोठी आहे.

तर डोक्यात हे सगळं घेऊन मी गेले. बाकीचे प्रवासी अवशेष बघतात, मी तिथं कोण राहत होतं ते शोधत होते.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. बाजारात एका हातगाडीवाल्यानं विचारलं, कुठल्या? मी छातीठोकपणे म्हटलं, "हिंदी." तो आणि शेजारचे दोघं एवढे हसले की मला वाटलं काही घाण बोलले. मग त्यानं गाडीवरचा ढीग दाखवला. फड्या निवडुंगाची बोंडं, लालपिवळी. तिथं त्या बोंडांनाच हिंदी म्हणतात. झाड मूळचं मेक्सिकोचं. स्पॅनिश लोकांनी समुद्रापलीकडून आणलं, आणि ते ज्याला इंडीज म्हणत होते त्या नावाचा काटा फळाला चिकटून राहिला. त्यानं सुरीच्या तीन घावांत एक बोंड सोलून हातावर ठेवलं. आमच्याकडं गडाच्या उतारावर हीच बोंडं शेळ्या खातात आणि पोरं ओठ लाल करून घेतात. तिथं ती तोलून विकत होती.

एल जेम स्फाक्सपासून साधारण पासष्ट किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, कंगव्यानं ओढल्यासारखी रांगेत. गाडी गावात शिरली आणि साध्या, चुना लावलेल्या, वर टीव्हीच्या ताटल्या बसवलेल्या घरांच्या रांगेच्या शेवटी ते एकदम उभं राहिलं. ३६ मीटर उंच, मधाच्या रंगाचं, तीन मजली कमानींचं. अंगापेक्षा डोकं मोठं असावं तसं त्या गावाला ते मोठं आहे.

कोल्हापूरच्या माणसाला अशा जागेला अँफीथिएटर म्हणवत नाही, मैदान म्हणावंसं वाटतं. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि त्यावरून त्यांनी कुस्त्यांसाठी खासबाग मैदान बांधलं, असं आमच्याकडं सांगतात. त्यामुळं एल जेमच्या वरच्या पायऱ्यांवर बसल्यावर मी नकळत खाली कुस्तीचा हौदा शोधला. खासबागेत लाल माती असते. इथं खाली लांबट खंदक आहे, त्याच्या दोन्ही अंगांना जनावरांच्या कोठड्या. तिथंच माणसं मारायची आणि मरायची. वर बसायला साधारण ३५,००० जणांची सोय. एवढं मैदान एका आडगावात कुणी बांधलं? तेलवाल्यांनी. तेव्हा गावाचं नाव थिसड्रस होतं आणि ऑलिव्हच्या तेलावर ते गबर झालं होतं. इसवी सन २३८ मध्ये रोमच्या करवसुली अधिकाऱ्यानं फार पिळलं, तेव्हा इथल्या जमीनदारांच्या पोरांनी त्याला ठार केलं आणि आता पुढं काय या भीतीनं ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या सुभेदाराला धरून सम्राट करून टाकलं. तो गॉर्डियन. तीन आठवडे टिकला. मुलगा कार्थेजजवळच्या लढाईत पडला, ते ऐकून म्हाताऱ्यानं गळफास लावून घेतला. मैदान त्याच काळातलं. पुरं झालंच नाही म्हणतात.

त्याच्या एका बाजूला मोठं भगदाड आहे. ते काळानं पाडलेलं नाही. १६९५ मध्ये ट्युनिसचा तेव्हाचा शासक मोहम्मद बे यानं आत दडून लढणाऱ्या बंडखोरांना बाहेर काढायला ते पाडलं. हे वाचताना मला हसू आलं. पन्हाळ्यावरचा चार दरवाजा इंग्रजांनी असाच पाडला, १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर. आता तिथं नुसती जागा आहे आणि आमची पिढी तिला चार दरवाजाच म्हणते. पडलेल्या दाराच्या नावानं पत्ता सांगणारं गाव.

मग त्या भगदाडातले दगड गेले कुठं, असा प्रश्न मनात आला आणि उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. मैदानातून बाहेर पडून गल्लीत शिरले. एका घराच्या उंबऱ्याला त्याच मधाच्या रंगाचा ताशीव दगड. पुढच्या घराच्या कोपऱ्याला आणखी एक. तिसऱ्या दाराशी एक बाई त्यावर बसून मिरच्यांचे देठ काढत होती.

कैरवानला हीच गोष्ट मोठ्या मापात बघितली. हे गाव इसवी सन ६७० मध्ये उक्बा इब्न नाफी या अरब सेनापतीनं वसवलं. तिथल्या मोठ्या मशिदीत चारशेच्या वर खांब आहेत आणि ते जवळजवळ सगळे आधीच्या रोमन आणि बायझंटाइन इमारतींतून उचलून आणलेले. आत प्रार्थनेच्या दालनात आम्हाला प्रवेश नव्हता, पण दारं उघडी होती. उंबऱ्यावर उभं राहून बघितलं तर अंधारात खांबांचं रान. एक गुलाबी, एक करडा, एक हिरवट. कुणाचं डोकं पानांचं, कुणाचं नुसतं वळ्यांचं. उंची जुळत नाही तिथं खाली जास्तीची उटी दिलेली. खांब मोजणारा आंधळा होतो अशी समजूत आहे. मी आठापर्यंत मोजून थांबले. उगाच कशाला.

पण माझं मन अडकलं ते अंगणात. सगळं अंगण मधोमध किंचित खोलगट केलंय. पावसाचं पाणी मध्यावरच्या नक्षीदार संगमरवरी मोरीकडं येतं, तिथल्या पायऱ्यापायऱ्यांत गाळ खाली बसतो आणि निवळ पाणी पोटातल्या टाक्यात उतरतं. पाणी शेंदायला विहिरीची तोंडं आहेत. ही तोंडंही जुन्या खांबांच्या बैठकी पोखरून केलेली. त्यांच्या काठावर दोराचे चर पडलेत. साधे चर नव्हेत. माझं अख्खं बोट त्यात बसलं, आणखी एक बसलं असतं. संगमरवराला दोरानं एवढं काचायला किती घागरी लागल्या असतील? कुणा देवाचा खांब म्हणून तासलेला, देव गेल्यावर विहिरीचं तोंड झालेला आणि मग शेकडो वर्षं पाणी भरणाऱ्यांनी कापलेला तो दगड. त्याच्यावरचं सगळ्यात देखणं काम मला त्या दोराचं वाटलं.

आमच्या परड्यात धुणं धुवायचा दगड आहे. एका बाजूला त्याच्यावर अर्धं कमळ आहे, बाकीचं अर्धं कुठंय कुणास ठाऊक. मी सातवीत असताना पुण्याहून आलेल्या एका काकांनी तो बघितला आणि आईला बरंच सुनावलं. वारसा, लूट, अडाणीपणा. आई खाली मान घालून ऐकत राहिली, ते गेल्यावर त्यांच्या चहाचा कप तिनं त्याच दगडावर आपटून धुतला. मला तेव्हा आईची लाज वाटली होती. पुढं कॉलेजात मीही तशीच भाषणं केली. कैरवानच्या अंगणात बोट चरात घालून उभी असताना पहिल्यांदा वाटलं, त्या काकांना कुणीतरी इथं आणायला पाहिजे होतं.

कार्थेजबद्दल फार लिहीत नाही, कारण मला ते फारसं भेटलंच नाही. इसवी सनपूर्व १४६ मध्ये रोमनांनी ते जाळलं, पुढं स्वतःच तिथं नवं शहर बांधलं, आणि आता त्यावर श्रीमंतांचे बंगले आहेत. रोमनांनी जमिनीत मीठ पेरलं, ही शाळेत ऐकलेली गोष्ट कुठल्याच प्राचीन ग्रंथात नाही, ती फार नंतर कुणीतरी जोडली. समुद्राकाठची अँटोनायनस पायसची स्नानगृहं तेवढी भव्य आहेत. खरी मजा लोकलची. ट्युनिसहून ला मार्साकडं जाणारी ही गाडी जुनाट आहे, दारं धड लागत नाहीत, पोरं दारात लोंबकळतात आणि स्टेशनांची नावं सालाम्बो, बिर्सा, हानिबाल, आमिलकार. रोमला घाम फोडणाऱ्या सेनापतीच्या नावावर एक शाळकरी मुलगा चिप्सचं पाकीट फोडत उतरला. मला ते आवडलं.

बार्दो संग्रहालयात मात्र मी चार तास होते. आधी दाराशीच थांबले. १८ मार्च २०१५ ला इथं झालेल्या हल्ल्यात २२ जणांचे जीव गेले, बहुतेक बाहेरून आलेले प्रवासी. त्याच जूनमध्ये सूसच्या किनाऱ्यावर ३८ जण गेले. त्यानंतर त्या देशाकडं प्रवासी फिरकेनात. पुढं संसद शेजारच्याच आवारात असल्यामुळं २०२१ च्या राजकीय गोंधळात संग्रहालयाला टाळं लागलं, ते निघायला २०२३ उजाडलं. स्फाक्सला आमच्या घरमालकीण म्हणाल्या होत्या, "जा, बघून या. आमची पोरं तिथं शाळेच्या सहलीला जायची." त्यांच्या तोंडून ते सांत्वनाला जाऊन या म्हटल्यासारखं ऐकू आलं.

आत सगळी जमीन भिंतीवर टांगलेली आहे. ट्युनिशियाभरच्या रोमन वाड्यांमधल्या मोझाइकच्या फरशा उचलून इथं उभ्या केल्यात. चालायला केलेल्या गोष्टी मान वर करून बघायच्या. सूसला सापडलेला कवी व्हर्जिल मांडीवर पोथीची गुंडाळी घेऊन बसलाय. शेब्बाहून आणलेला नेपच्यून रथातून निघालाय, त्याच्या चारी कोपऱ्यांत चार ऋतूंच्या बाया. नेपच्यून बघितल्यावर मी नवऱ्याला फोन केला, "अरे, आपला टाऊन हॉलातला!" कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती आहे, जेमतेम वीतभर. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४० च्या दशकात सापडली. रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापारातून ती कधीतरी घाट चढून आमच्याकडं आली. पोसायडन आणि नेपच्यून एकच. एक समुद्रापासून एवढ्या लांब नदीकाठी मातीत गाडला गेला, दुसरा कुणाच्या तरी दिवाणखान्यात पायाखाली आला.

आणि मग डुग्गा. खरं तर एवढं सगळं डुग्गाबद्दल लिहायचं म्हणूनच लिहितेय.

ट्युनिसहून तेबुर्सूकपर्यंत लुआज, तिथून सहासात किलोमीटर टॅक्सी. टेकडीच्या उतारावर अख्खं गाव आहे. देऊळ, बाजार, नाटकाचं थिएटर, न्हाणीघरं, वळणावळणाच्या फरसबंद गल्ल्या. १९९७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांचं देऊळ इसवी सन १६६-१६७ मधलं, थिएटर त्यानंतर दोनेक वर्षांनी एका स्थानिक धनिकानं पदरमोड करून बांधलेलं. देवळाशेजारच्या चौकात फरशीवर वर्तुळ कोरून त्यावर बारा वाऱ्यांची नावं लिहिली आहेत. मी उभी होते तेव्हा त्यातला कुठला वाहत होता कोण जाणे, पण ओढणी सांभाळवत नव्हती. न्हाणीघराशेजारी नालेच्या आकारात बारा जणांची संडासाची बैठक आहे. पडदा नाही, आडोसा नाही. बारा जणांनी बसून गप्पा मारायच्या. प्रत्येक प्रवासी तिथं बसून फोटो काढतो. मीही काढला, आईला पाठवला नाही.

त्या दिवशी माझ्याशिवाय दहाबारा माणसं असतील. बाकी शेळ्या. देवळाच्या पायऱ्यांवर, पडलेल्या खांबांवर, थिएटरच्या वरच्या ओळीत. गळ्यातल्या घंटांचा आवाज सगळ्या टेकडीवर.

खालच्या अंगाला, ऑलिव्हच्या झाडांत, एक उंच थडगं उभं आहे. २१ मीटर, तीन टप्प्यांचं, रोमनांच्या आधीचं, न्युमिडियन राजांच्या काळातलं. त्याच्यावर एक लेख होता, एकच मजकूर दोन लिप्यांत, कार्थेजवाल्यांची प्युनिक आणि इथल्या मूळ लोकांची लिबिक. १८४२ मध्ये ट्युनिसमधला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी (कॉन्सल) थॉमस रीड यानं तो लेख काढून न्यायचं ठरवलं आणि त्यासाठी थडगंच पाडलं. लेख लंडनला गेला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थडग्याच्या दगडांचा ढीग तसाच पडून होता, तो १९०८ ते १९१० मध्ये लुई प्वेंसो या फ्रेंच माणसानं पुन्हा रचला. खरं सांगायचं तर त्या लेखामुळंच लिबिक लिपी वाचता आली, आजच्या अमाझिग म्हणजे बर्बर लोकांची तिफिनाग लिपी तिच्याच वंशातली. त्यामुळं रीडला नुसत्या शिव्या घालून मोकळं होता येत नाही. पण लेखात काय आहे बघा. मेलेल्या राजाची स्तुती नाही. अतेबान नावाच्या माणसाचं, त्याच्या जोडीच्या गवंड्यांचं, सुतारांचं, लोहारांचं नाव आहे, बापाच्या नावासकट. आमच्या गडावर तीन दरवाजा कुणी बांधला विचारलं तर राजांची नावं सांगतील, पाथरवट कोण होता ते कुणालाच ठाऊक नाही. इथं ठाऊक आहे, आणि तो दगड नेमका इथं नाही.

थडग्यापाशी एक राखणदार बसला होता. साठीचा, डोक्यावर लाल लोकरी टोपी, शेजारी पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. माझं फ्रेंच मोडकं, त्याचं जरा बरं, उरलेलं मोबाइलनं केलं. मी विचारलं, हे गाव कधी ओसाड पडलं? मला वाटलं तो रोमन साम्राज्याचा अंत वगैरे सांगेल. तो म्हणाला, "ओसाड कुठं पडलं? माझा आजा इथं जन्मला." आणि त्यानं वर देवळाच्या दिशेनं हात केला.

रोमन गेले, व्हँडल आले, बायझंटाइनांनी देवळाभोवती तट घालून गढी केली, अरब आले, आणि या सगळ्यात डुग्गात चुली पेटत होत्या. जुन्या भिंतींना टेकून लोकांनी घरं बांधली होती, देवळांच्या आडोशानं गोठे होते. फ्रेंचांच्या काळात उत्खननं सुरू झाली आणि जुनं नीट दिसायचं तर नवं हलवायला हवं, असं ठरलं. खाली सपाटीवर नवं गाव वसवलं, त्याचं नाव नवं डुग्गा. मंडळी तिकडं गेली. घरं काढली. मग हे असं स्वच्छ, फोटोत येण्याजोगं, ओसाड झालं.

मी विचारलं, आजोबांना वाईट वाटलं का? तो बराच वेळ मोबाइलकडं बघत राहिला, भाषांतर नीट झालं नसावं. मग म्हणाला, "खाली नळ होता, रस्ता होता, शाळा होती. आजीला आवडलं. आजा रोज शेळ्या घेऊन वर यायचा." थोडं थांबून, "शेळ्या अजून येतात."

मला वाद घालायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःशीच घातला. नळ, रस्ता, शाळा याला नावं ठेवायचा मला काय अधिकार? आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी स्वतःहून कोल्हापूर, पुणे गाठलंय. मीही त्यातलीच. आणि लोक तिथंच राहिले असते तर ते देऊळ एवढं शाबूत राहिलं असतं का, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. फक्त प्रवेशद्वारापाशी लावलेल्या पाटीवर न्युमिडियन, रोमन, व्हँडल, बायझंटाइन सगळे होते, त्याच्या आजाचा उल्लेख नव्हता. एका ओळीची तर जागा लागली असती.

निघताना त्यानं बाटलीतलं पाणी जवळच्या मोझाइकच्या तुकड्यावर ओतलं. धुळीनं करडी दिसणारी फरशी क्षणात तांबडी, पिवळी, काळी झाली. मी मोबाइल काढेपर्यंत कडेनं वाळायला लागली होती.

रात्री आईला फोन लावला. सगळं सांगितलं, संडासाच्या बैठकीसकट. गाव खाली हलवलं तिथं ती गप्प झाली.

"मग तिथं आता रात्री कोण असतंय?"

"कुणी नाही. पाचला दार बंद."

"दिवा?"

"नाही."

"कायच न्हाई?"

"शेळ्या असतात दिवसभर."

"हां," आई म्हणाली, "मग उंदीर झाले नसतील," आणि नगरपरिषदेचं पाणी आलं म्हणून तिनं फोन ठेवला.